पंच्याऐंशी–शून्य

अमेरिकेतली विद्यापीठं आता आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने तशा तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं आणि पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठरली. ही बातमी वाचून आमचे शेजारी बेचैन झाले. ते सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात क्रीडा संचालक होते. झोनल, इंटरझोनल, पोरांचा टी.ए.-डी.ए. आणि ट्रॅकसूटची कोटेशनं यांत त्यांची नोकरी सरली. त्यांची भाची शिकागो विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. करते, ती तेव्हा सुट्टीला आली होती. खेळाचा आपल्याला कंटाळा आहे हे ती लपवत नाही. भडंगाचं पातेलं मध्ये ठेवून दोघांचं जे जुंपलं, ते मी उतरवून घेतलं. मला राहवलं नाही तिथे कंसात तोंड घातलं आहे.

मामा : वर्षाला दोन कोटी डॉलर खेळाडूंत वाटायचे! मग त्याला विद्यापीठ कशाला म्हणायचं? आयपीएलची फ्रँचायझी म्हणा.

भाची : तू बिग टेनबद्दलच वाचतोयस ना? विद्यापीठांच्या आपसांतल्या सामन्यांची ती परिषद १८९६ साली ज्या सात विद्यापीठांनी काढली, त्यांत आमचं होतं. नाव बिग टेन, आज तिच्यात आहेत अठरा, आणि आम्ही नाही. आम्हाला कुणी काढलं नाही. आम्हीच बाहेर पडलो.

मामा : हरायला लागल्यावर?

भाची : हरायला लागल्यावर. पण त्याआधी...

मामा : त्याआधी जिंकत होते का, ते सांग आधी.

भाची : भरपूर. सात वेळा परिषदेचं फुटबॉलचं अजिंक्यपद. आणि सगळं एका माणसाच्या जिवावर. एमॉस अलोन्झो स्टॅग. येलला धर्मशास्त्र शिकत होता, पाद्री व्हायचं होतं, पण चारचौघांत धड बोलता येईना. तिथे त्याला शिकवणारे विल्यम रेनी हार्पर पुढे रॉकफेलरच्या पैशावर उभ्या राहणाऱ्या नव्या शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांनी याला बोलावून घेतलं. इमारती पुऱ्या व्हायच्या होत्या, पण मैदानाचा माणूस ठरलेला होता.

मामा : पद कोणतं दिलं?

भाची : सहयोगी प्राध्यापक. नेमणूक कायम, पगार वर्षाला २,५०० डॉलर, आणि शारीरिक शिक्षण व खेळांचा स्वतंत्र विभाग त्याच्या हाताखाली.

मामा : बघ! १८९२ साली! आणि आम्हाला ‘शिक्षक’ धरायचं की ‘शिक्षकेतर’, या भांडणात माझी निम्मी नोकरी गेली. स्टाफ मीटिंगला आमची खुर्ची कायम दाराशी. हार्परना दंडवत घालतो मी.

(पहिले वर्ग भरले ऑक्टोबर १८९२ मध्ये. विवेकानंद त्या शहरात बोलले ते त्याच्या पुढच्या सप्टेंबरात. त्या वर्षी विद्यापीठाला लागूनच जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि जगातला पहिला फेरिसचा पाळणा मिडवे नावाच्या पट्ट्यावर फिरत होता. त्या मिडवेवरून शिकागोच्या संघाला पुढे ‘मिडवेचे राक्षस’ म्हणू लागले. ते बिरुद आता शिकागो बेअर्स हा व्यावसायिक संघ मिरवतो.)

भाची : दंडवत घालण्याआधी ऐक. हार्परना खेळाचं प्रेम होतं असं समजू नकोस. नव्या विद्यापीठाला नाव हवं होतं. ग्रंथ छापून नाव व्हायला पिढी जाते, शनिवारचा सामना जिंकला की सोमवारच्या पेपरात येतं.

मामा : असेना का. काम तर झालं! तो स्टॅग नुसता शिट्टी घेऊन उभा राहणारा होता का?

भाची : नाही, ते मान्य. पहिल्या हंगामात गडी पुरेनात तेव्हा तो स्वतः खेळाडू म्हणून उतरला. बेसबॉल, धावण्याच्या शर्यती, सगळं तोच बघायचा. १८९६ च्या जानेवारीत आयोवाला जाऊन शिकागोने पाच विरुद्ध पाच असा बास्केटबॉलचा सामना खेळला, १५–१२ ने जिंकला. दोन महाविद्यालयांमधला तशा पद्धतीचा तो पहिला सामना धरतात. १९१० साली बेसबॉलचा संघ बोटीने जपानला गेला, वासेदा विद्यापीठाशी खेळायला.

मामा : आणि आम्हाला इंटरझोनलला एस.टी.चं साधं भाडं मंजूर करून घ्यायला तीन सह्या.

भाची : आता १९०५ चा नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंगचा दिवस, घरचं मैदान, २५ हजारांवर माणूस. समोर मिशिगन. ते लागोपाठ ५६ सामने हरले नव्हते. शिकागोने त्यांना हरवलं, २–० ने.

मामा : दोन गोल?

भाची : गोल कसले! त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत धरून धडका मारायच्या. चेंडू घेतलेल्या गड्याला त्याच्याच हद्दीतल्या शेवटच्या पट्ट्यात पाडलं, तर समोरच्यांना दोन गुण. त्याला सेफ्टी म्हणतात. शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने चेंडू लांब लाथाडला, मिशिगनच्या पोराने तो आपल्या गोलरेषेच्या मागे झेलला. तिथेच बसकण मारली असती तर काही बिघडलं नसतं. पण तो पळायला निघाला, रेषेच्या पुढे आला, आणि शिकागोच्या गड्यांनी त्याला मागे रेटत नेऊन पट्ट्यात आडवा केला. दिवसभरात गुण झाले ते एवढेच.

मामा : म्हणजे कबड्डीत निदानरेषा सोडून उगाच पुढे आलेला गडी. कळलं मला. त्या पोराचं काय झालं असेल गं... आणि काय सामना असेल!

भाची : तुला सामना दिसतो. मी तुला त्याच महिन्याचं कॉलियर्स साप्ताहिक दाखवते. एडवर्ड जॉर्डन नावाच्या पत्रकाराने लेखमाला चालवली होती, मध्य-पश्चिमेतली विद्यापीठं खेळाडू कसे विकत घेतात यावर. शिकागो त्यात होतंच. हा जो एकरसॉल, याला प्रवेशापुरतं शिक्षण पुरं नसताना आत घेतलं होतं. चार हंगाम खेळला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. त्याने विद्यापीठाला काय दिलं ते सगळ्यांना पाठ होतं. विद्यापीठाने त्याला काय दिलं?

मामा : असा एकेक प्रत्येक कॉलेजात असतो बाळ. आमच्याकडे एक वेटलिफ्टर होता, एफ.वाय.च्या वर्गातच त्याला मिसरूड फुटलं आणि तिथंच पिकायला आलं. पण मी त्याला कधी खोटा पास केला नाही. आपल्याकडे खेळाडूला वाढीव गुण मिळतात ते नियमात छापून. चोरून नाही.

भाची : तिथे चोरून होतं. आणि त्या वर्षी मैदानावर पोरं मरत होती, इतकी की अध्यक्ष रूझवेल्टने ऑक्टोबरात मोठ्या विद्यापीठांना व्हाइट हाउसवर बोलावून झापलं. पुढच्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, विद्यापीठांच्या खेळांचे नियम बघणारी, जिला आज एनसीएए म्हणतात, ती संस्था जन्मली. बिग टेनने खेळाडूला तीनच वर्षं खेळायची मुभा ठेवली, पहिल्या वर्षाच्या पोरांना बंदी केली, सामने पाचावर आणले. मिशिगनने रुसून परिषदच सोडली आणि दहा वर्षांनी परत आलं.

मामा : म्हणजे औषध झालं.

भाची : मलम झालं. मला त्या सगळ्या काळात एकच बाई आवडते, गर्ट्रूड डडली. १८९८ पासून १९३५ पर्यंत मुलींचे खेळ तिने सांभाळले. बाहेरच्या विद्यापीठांशी चुरशीचे सामने नाहीत, तिकीट नाही, बँड नाही. वर्गावर्गांत खेळायचं, आणि जितक्या येतील तितक्या सगळ्यांनी. एका बाजूला २२ जण खेळतात आणि २५ हजार बघतात; दुसऱ्या बाजूला बघायला कुणी नाही आणि सगळ्याजणी खेळतायत. विद्यापीठाला यातलं काय शोभतं, तूच सांग.

मामा : दुसरं. पण त्यातल्या एखादीला वाटलं असेल की मिशिगनच्या पोरींना जाऊन एकदा हरवून येऊ, तर तिने काय करायचं? तुझ्या डडलीबाईंनी ती वाट बंदच ठेवली ना? चार गावांच्या पोरांशी खेळल्याशिवाय आपण किती पाण्यात आहोत ते कळत नाही. युनिव्हर्सिटी कलर मिळालेलं पोरगं ब्लेझर घालून गावात येतं तेव्हा त्याच्या मागे दहा पोरं ग्राउंडवर येतात. हे तुमच्या गणितात कुठं बसतं?

(या ठिकाणी भाची गप्प झाली. मला वाटतं मामांचा मुद्दा बिनतोड होता. शिक्षणात मुलींशी भेदभाव होऊ नये म्हणून अमेरिकेत पुढे कायदा करावा लागला, तो १९७२ साली, आणि त्याच्या जोरावर मुलींच्या सामन्यांना वाट मिळाली. शिकागोत १९७६ मध्ये मुलांचा आणि मुलींचा असे दोन्ही विभाग एक झाले आणि प्रमुख झाल्या मेरी जीन मलव्हेनी. अमेरिकेत अशा एकत्रित विभागाची सूत्रं हाती घेणाऱ्या पहिल्या काही बायकांतल्या त्या एक.)

भाची : बरं. आता तुझ्या स्टॅगवर येऊ. १९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाले. वय तीस. स्टॅग तेव्हा सदुसष्टचा. सत्तरी आली तशी हचिन्सनी त्याला नियमाप्रमाणे निवृत्त केलं. सल्लागाराचं काहीतरी पद देऊ केलं, त्याने घेतलं नाही. सरळ कॅलिफोर्नियात गेला, कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये नवी नोकरी धरली, आणि १९३८ ला तोच संघ घेऊन शिकागोत आला. ३२–० ने हरवून गेला.

मामा : शाब्बास रे पठ्ठ्या! शहात्तराव्या वर्षी!

भाची : एकशेदोन वर्षं जगला तो. १९६५ ला गेला.

मामा : मग हचिन्सनी हिरा घालवला आणि नंतर म्हणाले खाण रिकामी. स्टॅग गेल्यावर संघ पडला, हे तूच सांगतेस.

भाची : तितकं सरळ नाही. स्टॅगच्या शेवटच्या वर्षांतच घसरण लागली होती. आणि तो गेल्यानंतर १९३५ मध्ये जे बर्वांगरला मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून ट्रॉफी मिळाली. तिला पुढच्या वर्षी हाइझमन हे नाव पडलं. आज ती मिळाली की पोरगं रातोरात कोट्यधीश होतं. पहिली आमच्याकडे आली.

मामा : १९३५. आपल्याकडे विद्यापीठांची रोहिंटन बारिया ट्रॉफी पण तेव्हाचीच. गावसकरही मुंबई विद्यापीठाकडून ती खेळलेत. बरं, हा बर्वांगर कसा होता?

भाची : अंगावर येणारा. १९३४ ला मिशिगनच्या एकाने त्याला अडवायला उडी घेतली आणि डाव्या डोळ्याखाली कायमची खूण घेऊन बसला. तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, जेराल्ड फोर्ड. व्यावसायिक संघांनी १९३६ मध्ये पहिल्यांदा खेळाडूंची निवड केली त्यात पहिलं नाव बर्वांगरचं होतं. तो गेला नाही. एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. ती ट्रॉफी बरीच वर्षं त्याच्या आत्याकडे होती. ती दाराला टेकू म्हणून लावायची.

मामा : (हसत) वजनदार असणार. आमच्या कपाटातल्या शिल्डांना वाळवी लागली, त्या ट्रॉफीचा निदान उपयोग झाला. पण मग एवढा गडी असताना संघ बुडाला कसा?

भाची : तो १९३६ ला पदवी घेऊन बाहेर पडला. मागे कुणी येईना. हचिन्सनी अभ्यासक्रम असा केला होता की सगळ्यांना सारख्याच दांडग्या परीक्षा. बाकीच्यांकडे खेळाडूंना लपवायला सोपे विषय होते, इथे नव्हते. वर मंदीमुळे गेटचं उत्पन्न घटलं होतं. १९३९ चा हंगाम ऐक. बेलॉइटकडून ०–६. हार्वर्डकडून ०–६१. मिशिगनकडून ०–८५. व्हर्जिनियाकडून ०–४७. ओहायो स्टेटकडून ०–६१. इलिनॉयकडून ०–४६.

मामा : अरे देवा. पोरांना दुसऱ्या दिवशी कसं उभं केलं असेल प्रशिक्षकाने?

भाची : क्लार्क शॉनेसी होते. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डला गेले आणि तिथे एकही सामना न हरता हंगाम काढला.

मामा : म्हणजे गुरुजी चांगले होते.

भाची : गुरुजी चांगले होते. तर २१ डिसेंबर १९३९ ला विश्वस्तांनी ठराव केला, फुटबॉल बंद. वर्षभर आधीच हचिन्सनी सॅटर्डे इव्हनिंग पोस्टमध्ये लेख लिहून सांगितलं होतं की गेटचा पैसा हाच खरा रोग आहे. मामा, विचार कर. देणगीदार माजी विद्यार्थी, पेपरवाले, शहर, सगळ्यांना अंगावर घेऊन एक अध्यक्ष म्हणतो की विद्यापीठ यासाठी नाही. आज त्याच परिषदेतले लोक टीव्हीच्या हक्कांसाठी सात वर्षांचे ७०० कोटी डॉलर घेतात आणि कॅलिफोर्नियातलं विद्यापीठ न्यू जर्सीला सामने खेळायला पोरांना उडवतं. हचिन्सना हे १९३८ मध्ये दिसलं.

मामा : कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं त्या वेळी कुणी म्हणालं नाही?

भाची : म्हणाले असतील. खरंही आहे. १९१३ साली संघ अजिंक्य होता, तेव्हा हचिन्स असते आणि बंद करू म्हणाले असते, तर त्यांनाच तलावात बुडवलं असतं. हरण्याचा त्यांना उपयोग झाला, एवढंच. फायदा घेतला म्हणून निर्णय चुकत नाही.

मामा : त्या लेखात आणखी काय होतं? नुसती बंद करा एवढीच मागणी?

भाची : नाही... त्यात बंद करा असं नव्हतंच. तिकीट दहा सेंटवर आणा, असं होतं. गेट मोडा, मग बाकीचं आपोआप सुधारेल.

मामा : मग दहा सेंट का नाही केलं?

भाची : एकट्या विद्यापीठाने करून काय होणार?

मामा : बंद मात्र एकट्यानेच केलं!

(इथे भडंग संपलं. मामी नवं घेऊन आल्या आणि विचारून गेल्या की अणुबॉम्बचं काहीतरी तिथेच झालं ना. झालं. २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मी आणि मंडळींनी ग्रॅफाइटच्या विटा रचून जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया चालवली ती स्टॅग फील्डच्या पश्चिमेच्या स्टँडखाली, रॅकेटच्या कोर्टावर. फुटबॉल मेला म्हणून अणुयुग आलं, असं चटपटीत वाक्य तिथले लोक फेकतात. त्यात दम नाही. तो ढीग मुळात शहराबाहेर आर्गोनच्या जंगलात रचायचा होता. तिथल्या इमारतीचं काम मजुरांच्या वादात रखडलं, म्हणून तो शहराच्या मधोमध आला.)

मामा : त्या मैदानाचं काय केलं शेवटी?

भाची : स्टँड १९५७ मध्ये पाडला. १९७० ला तिथे रेगेन्स्टाइन ग्रंथालय उघडलं. मी रोज जिथे बसते ती जागा.

मामा : दुसरं मैदान दिलं का आधी?

भाची : दिलं. थोडं पलीकडे, नाव तेच. स्टँड छोटा, दीडेक हजार माणूस मावेल.

मामा : मग माझी तक्रार नाही. आमच्याकडे मैदान लग्नाला आणि प्रदर्शनाला भाड्याने जातं, आणि पोरं रस्त्यावर शॉर्टपुट टाकतात. पुढं?

भाची : पुढे पोरांनाच पुन्हा खेळायचं होतं. १९५६ मध्ये शारीरिक शिक्षणाचा वर्ग म्हणून सुरू झालं, १९६३ ला क्लब झाला. त्या नोव्हेंबरात नॉर्थ सेंट्रल कॉलेजशी सामना होता, तर दोनेकशे विद्यार्थी मैदानातच बसून राहिले. जुनं थेर परत आणू नका म्हणून. पोलीस बोलवावे लागले.

मामा : फुटबॉल खेळू नये म्हणून मोर्चा? धन्य तुमचं विद्यापीठ!

भाची : मला त्यांचा अभिमान वाटतो. पण ते हरले. १९६९ ला विद्यापीठाचा अधिकृत संघ परत आला. आता आम्ही एनसीएएच्या तिसऱ्या विभागात आहोत. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायचीच नाही, असा नियम आहे. प्रवेश बाकीच्यांसारखाच. १९८६ मध्ये एमरी, न्यूयॉर्क विद्यापीठ अशा आमच्यासारख्याच अभ्यासू मंडळींची एक संघटना झाली, बहुतेक खेळ तिच्यात खेळतात.

मामा : मग झालं की! टी.व्ही. नाही, लिलाव नाही, पोरं शिकतात आणि खेळतात. तू कधी सामन्याला गेलीस?

भाची : ...नाही.

मामा : हे बघ. हचिन्सनी तमाशा मोडला, ठीक केलं. पण त्यांना खेळाचंच काही पडलं नव्हतं आणि तुलाही नाही. तुला डडलीबाई आवडतात, पण तूही ग्राउंडवर दिसत नाहीस.

भाची : आणि तुझा स्टॅग? व्यावसायिक फुटबॉलला शिव्या घालत आयुष्य गेलं त्याचं, आणि त्याचाच कारखाना त्याने विद्यापीठात उभा केला. तिसऱ्या विभागाच्या अंतिम सामन्याला त्याचं नाव आहे, स्टॅग बोल. आणि बिग टेनच्या अजिंक्यपदाची ट्रॉफी, जिच्यासाठी कोट्यवधींची पोरं विकत घेतात, तिलाही त्याचंच. दोन्ही टोकं त्याचीच. तू त्यातलं सोयीचं धरतोस.

मामा : धरतो. एक मात्र सांग. १९३९ ला जिंकले ते कुणाशी? आठपैकी दोन तरी जिंकले असतील.

भाची : दोनच. वाबाशला १२–२. ओबर्लिनला २५–०.

मामा : ही मोठी विद्यापीठं का?

भाची : नाही, छोटी कॉलेजं. बेलॉइटसारखीच. आता तीही तिसऱ्या विभागात.

मामा : म्हणजे कुणाशी बरोबरीने खेळता येतंय ते त्याच वर्षी समोर छापून आलं होतं. मिशिगनशी खेळायचं सोडायचं आणि वाबाश-ओबर्लिनशी खेळायचं, दहा सेंट तिकीट लावून. फुटबॉल बंद कशाला? आज तुमचा संघ फुटबॉल कुणाशी खेळतो?

भाची : २०१७ पासून मिडवेस्ट परिषदेत आहे. लॉरेन्स, ग्रिनेल, रिपन... आणि बेलॉइट.

मामा : तेच बेलॉइट? सहा–शून्यवालं?

भाची : तेच.

मामा : मग मधली तीस वर्षं पोरांनी काय करायचं होतं?